चौकातल्या शोकेसमधली मैत्रीण

एकाच दिवशी, एकाच स्टुलावर, एकाच फोटोवाल्यानं आम्हा दोघींचे फोटो काढले. आधी माझा, मग तिचा. आठ दिवसांनी माझा बोर्डाच्या परीक्षेच्या फॉर्मवर चिकटला आणि तिचा चौकातल्या शोकेसमध्ये लागला. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती, मी सोळा वर्षांची होते, आणि पुढचा महिनाभर मला या एका गोष्टीपलीकडे काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

आम्ही बनारसचे, रामघाटावरचे. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करायचे, त्यामुळे घरात कायम कुणी ना कुणी साताऱ्याकडचं, नाशिककडचं उतरलेलं असे. ती समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. तिचे वडील रेल्वेत होते, मुगलसरायला त्यांची ड्यूटी असे. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन ते नागपूरहून आले होते. आमच्या गल्लीत माझ्या वयाची मराठी बोलणारी दुसरी मुलगी नव्हती, म्हणून आमची मैत्री झाली. ती झाली नसती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी वाटायचं.

कारण तिला सगळं जमायचं आणि ते जमवण्यासाठी ती काही करताना दिसायची नाही. मी आमच्या पाहुण्यांशी बोलले की त्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. "हिचं मराठी कसं गं, निम्मं हिंदीच!" मी म्हणायची, "मावशी, पानी गरम झालंय, नहायला चला," आणि त्यांची हसून मुरकुंडी वळायची. त्याच बायकांशी ती दोन वाक्यं बोलली की त्या म्हणायच्या, "किती गोड बोलते पोरगी!" तीही काही पुण्याचं बोलत नव्हती. "काय करून राहिल्या काकू?" असंच बोलायची. पण तिचं ते गोड, आणि माझं ते हसण्यासारखं. मंडळाच्या गणपतीत कार्यक्रमाचं सूत्रसंचालनसुद्धा तिलाच मिळालं, मला पडदा ओढायला उभं केलं.

आणि तरीही फोटो लागेपर्यंत एका बाबतीत मी निश्चिंत होते. दिसायला ती माझ्याहून काही फार वरचढ नव्हती. कांजिण्यांचे बारीक वण तिच्या कपाळावर आणि दोन्ही गालांवर होते, एक भुवई मधेच तुटलेली होती, आणि रंग आम्हा दोघींचा साधारण एकच. माझा एक दात थोडा पुढे होता आणि गालावर पुटकुळ्या होत्या, तरी आरशात मी स्वतःला पास करत असे. काठावर, पण पास.

फोटोच्या दिवशी आम्ही शाळेतून परस्पर चौकात गेलो. स्टुडिओचे मालक उतारवयाचे होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. काळ्या कापडात डोकं घालून ते मला म्हणाले, "बिटिया, चेहरा ढीला छोड़िए." मी सोडला. "और ढीला." मी आणखी सोडला. तिसऱ्यांदा सांगून त्यांनी उसासा टाकला आणि बटण दाबलं. मग ती बसली. चाचांनी काही सांगितलं नाही, फोटो काढला, कापडातून डोकं बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक और." एवढे दोन शब्द. माझ्या वेळी ते म्हणाले नव्हते, हे मी घरी येईपर्यंत चघळत राहिले.

पुढच्या आठवड्यात आईबरोबर चौकात गेले होते. आईच आधी थांबली. "अगं, ही तर आपल्या समोरची!"

स्टुडिओच्या दाराशेजारी भिंतीत लाकडी चौकटीचं, काचेचं शोकेस होतं. त्यात नवरा-नवरी, टोपी घातलेलं एक बाळ, कुणी वकील असे फोटो वर्षानुवर्षं होते. बरोब्बर मधे आता ती होती. चाचांनी फोटो मोठा केला होता आणि हातानं रंगवला होता. निगेटिव्हवर पेन्सिलीनं बारीक काम करून वण घालवायची कला त्यांच्याकडे होती, हे सगळ्या चौकाला माहीत होतं. तिच्या कपाळावर एक ठिपका राहिला नव्हता. भुवई सलग झाली होती. ओठ गुलाबी, गाल त्याहून फिके गुलाबी, आणि शाळेच्या पांढऱ्या ओढणीची चक्क पिवळी झाली होती. मान किंचित वळवून ती कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी बघत होती.

आई बराच वेळ बघत राहिली. "किती गोड आलाय," ती म्हणाली. मग सहज, अगदी सहज विचारलं, "आणि तुझा कुठंय?"

आईच्या मनात काही नव्हतं हे आज मला कळतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "फॉर्मवर. और कुठं असणार?"

त्यानंतर गल्लीत दुसरा विषय नव्हता. दूधवाला दूध घालता घालता सांगे, पानवाला पान लावता लावता. साताऱ्याहून आलेली एक बाई विश्वनाथाचं दर्शन घेऊन आली आणि आधी फोटोचं बोलली, मग दर्शनाचं. शाळेत वरच्या वर्गातल्या मुली, ज्या आमच्याकडे ढुंकून बघत नव्हत्या, त्या येऊन तिला विचारायच्या, "वो तुम ही हो?" ती हसायची आणि विषय बदलायची. माझ्याशीही त्या फोटोबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. मला वाटायचं, केवढा हा गर्व. इतकं मोठं काही मिळालंय की बोलायचीही गरज नाही!

मी मात्र रोज चौकातून जायला लागले. शाळेतून रामघाटाला यायला चौक लागतच नाही, उलटा वळसा पडतो, पण मी तो घ्यायची. स्टुडिओच्या समोर बांगड्यांचं दुकान होतं. तिथं मी बांगड्या बघत उभी राहायची आणि दुकानातल्या आरशातून पाठीमागं मोजायची, किती लोक थांबले. नुसते थांबले ते वेगळे, थांबून जवळ गेले ते वेगळे, आणि जाताना वळून पुन्हा बघणारे वेगळे. एका संध्याकाळी अकरा जण थांबले. घरी येऊन मी जेवले नाही. माझी भाची हल्ली फोटो टाकून दर पाच मिनिटांनी फोन बघते, आणि मैत्रिणीच्या फोटोला जास्त पसंती आली की तोंड पाडून बसते. घरातले तिला हसतात. मी हसत नाही. मी तर दुसरीच्या फोटोचे आकडे मोजत उन्हात उभी राहिलेली आहे.

मग मी ठरवलं, की माझाही लागला पाहिजे. यात चाचांना सांगून, विनवून काही उपयोग नव्हता. फोटोच असा आला पाहिजे की त्यांना लावावासा वाटेल. देवघराच्या कोनाड्यातल्या हातभर आरशासमोर मी तयारी सुरू केली. मान किती वळवायची, हनुवटी कुठं ठेवायची, डोळे किती उघडायचे. बेसन आणि हळद चोळून चोळून गाल लाल केले. दात दिसतो म्हणून हसणं सोडलं. तेही पुरेना म्हणून तोंड मिटून हसायची सवय केली, तर आई म्हणाली, "दात दुखतोय का तुझा?" घरी उतरलेल्या बायका जाताना कुमारिका म्हणून मला कुंकू लावून हातावर दक्षिणा ठेवत. ती मी देवापुढे ठेवायची सोडून फोटोंसाठी वापरायला लागले. देवाला मी मनातल्या मनात सांगितलं होतं, की एकदा लागू दे, मग सगळी तुझी.

पहिल्यांदा चाचांना सांगितलं, लायब्ररीच्या कार्डाला हवाय. दुसऱ्यांदा सांगितलं, शिष्यवृत्तीच्या अर्जाला. दोन्ही फोटोंत मी रागावून कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसत होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चाचा हसून म्हणाले, "अब कौन सा फारम है, बिटिया?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण पुढं त्यांनी काही विचारलं नाही, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन फोटो काढला आणि सांगितलं, "सत्रह तारीख को ले जाइए."

सतरा सप्टेंबरला बनारसात विश्वकर्मा पूजा असते. ज्याच्या त्याच्या कामाच्या हत्यारांची पूजा. लोहार, सुतार, छापखानेवाले, सगळे त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून त्यांना हार घालतात आणि दुपारनंतर काम बंद ठेवतात. त्या वर्षी ती पितृपक्षातच आली होती. आमचं घर श्राद्धासाठी आलेल्या लोकांनी भरून गेलं होतं, आणि बाबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मैत्रीण तीन दिवस तापानं आजारी होती, शाळेत येत नव्हती. दुपारी मी एकटीच फोटो आणायला गेले.

स्टुडिओ धुऊन लख्ख केला होता. चाचा मला बघून खूश झाले. "अच्छे समय पर आईं. पंडितजी की बिटिया के हाथ से हो जाए तो और क्या चाहिए!" आणि त्यांनी कुंकवाची वाटी आणि झेंडूच्या हारांची टोपली माझ्याकडे दिली. मला पूजा नवीन नव्हती. मी कॅमेऱ्याला टिळा लावला, हार घातला. दिव्यांना, फोटो मोठे करायच्या यंत्राला, कागद कापायच्या पातीला. शोकेससुद्धा साफ करण्यासाठी उघडून ठेवलं होतं, आत विश्वकर्म्याचं चित्र लावलं होतं. "उनको भी चढ़ा दीजिए," म्हणून चाचा प्रसाद आणायला आत गेले.

मी देवाला हार घातला. टोपलीत एक हार उरला. देवाच्या खाली, मधोमध, ती होती.

फोटोला हार कधी घालतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या घरात त्या पंधरवड्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोटोंना रोज सकाळी हार मीच घालत होते. लोक आपापल्या आईबापांचे फोटो गावाहून बरोबर घेऊन येत. तेव्हा चुकून झालं असं मी म्हणणार नाही. ती मरावी असं मला वाटत होतं का? नाही. तिचा ताप उतरावा म्हणून मी सकाळीच गणपतीला दूर्वा वाहून आले होते. पण त्या गुलाबी गालांच्या, सलग भुवईच्या मुलीचं काहीतरी व्हावं असं मला फार वाटत होतं. मी हार उचलला आणि तिच्या चौकटीला घातला. दोन्ही बाजूंनी सारखा केला. हात सवयीचे होते, छान बसला.

लगेच काढणार होते. खरंच काढणार होते. तेवढ्यात चाचा बुंदीचा द्रोण आणि माझ्या फोटोचा लिफाफा घेऊन आले, शेजारचा दुकानदार त्यांना बाहेरून मोठ्यानं हाका मारत होता, आणि त्याच्याशी बोलता बोलता, आत न बघता, त्यांनी शोकेसचं दार लोटून कुलूप लावलं. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या एका हातात द्रोण होता आणि दुसऱ्या हातातल्या लिफाफ्यात माझा फोटो होता. तो बघायचंही मला भान नव्हतं. मी घरची वाट धरली.

तशी सरळ घरी गेले नाही, तिच्याकडे गेले. ती शाल पांघरून बसली होती, ताप बराच उतरला होता. मी तिला बुंदी दिली. आणि मग, काय म्हणावं माझ्या जिभेला, फुशारकी मारली, "आज चाचांनी सगळी पूजा माझ्याकडून करवली. सगळे हार मीच घातले."

"भाव खाऊन राहिली!" ती म्हणाली आणि बुंदी खाल्ली.

दिवेलागणीला आमच्या शाळेच्या तीन बाई डोक्यावरून पदर घेऊन गल्लीत आल्या. आमच्या हिंदीच्या बाई रडत होत्या. आमच्याच दाराशी थांबून त्यांनी आईला विचारलं, "किस समय हुआ?" आईला काही कळेना. बाईंनी समोरच्या घराकडे हात केला. आई गोंधळून त्यांना घेऊन समोरच्या जिन्यानं वर गेली, मी मागोमाग. तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी दार उघडलं, आणि हिंदीच्या बाई त्यांच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "हिम्मत रखिए, बहनजी."

रेल्वेवाल्याच्या बायकोच्या दाराशी कुणी असं रडत आलं तर ती काय समजणार? काकूंना वाटलं, मुगलसरायला काकांचं काही झालं. त्या मटकन खाली बसल्या. "कुठं? यार्डात का? कुठं?" एवढंच म्हणत राहिल्या. तेव्हा आवाज ऐकून आतून ती बाहेर आली, शाल सावरत, द्रोण अजून हातात. हिंदीच्या बाई किंचाळल्या.

मग सगळं बाहेर आलं. मुलगी तीन दिवस शाळेत नाही, आणि चौकात तिच्या फोटोला हार. बघणाऱ्यांनी दोन्हींचा मेळ घातला होता. चौकात लोक हळहळत होते, एकानं तर शोकेसच्या खाली उदबत्ती लावली होती. "असं कुणी केलं?" आई म्हणाली. "पितृपक्षात, जिवंत मुलीला!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. दुपारीच मी तिला माझ्या तोंडानं सांगितलं होतं. आता ती बोलणार, आता बोलणार, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती म्हणाली, "आई, पाणी पी आधी," आणि आत पाणी आणायला गेली.

बाबा लगोलग चौकात जाऊन आले. दुकान बंद होतं, चाचा नदीपलीकडे रामनगरला राहायचे, आणि कुलूप तोडायचं तर कसं? तिचे वडील कामावर होते, सकाळी सुटणार होते, आणि त्यांना निरोप द्यायला कुणाकडे फोन नव्हता. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की सकाळी बघू. मी अंथरुणावर पडून एकच घोकत होते, की उद्या ती सांगेल. आपली मैत्री संपली, आणि ती संपल्याचं कारण सगळ्या गल्लीला कळेल.

सकाळी साडेआठच्या सुमारास काका आले. पहाटेच्या पाळीला गेलेल्या चौकातल्याच एका सहकाऱ्यानं त्यांना तिकडे सांगितलं होतं. मी आमच्या दारात रांगोळी घालत होते. ते गल्लीत पळत आले, एका पायात चप्पल होती, दुसरी नव्हती. जिन्यापाशी आले आणि थांबले. एक पायरी चढेनात. भिंतीवर हात टेकून वर बघत उभे राहिले. वर गेलं की ते खरं होईल, असं त्यांना वाटत असावं. मी तोंड उघडून सांगू शकत होते, काका, ती बरी आहे.

वरून तिनंच त्यांना पाहिलं. "बाबा, चहा टाकू?"

काका पायरीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. मी मोठ्या माणसाला इतकं मोठ्यानं रडताना कधी ऐकलं नव्हतं. रांगोळी टाकून मी आत पळाले.

दहा वाजता काका, बाबा आणि गल्लीतले दोघेतिघे चौकात गेले. आईनं नको म्हटलं तरी मीही मागून गेले. चाचा नुकतेच येऊन कुलूप उघडत होते. काकांनी त्यांना काय काय सुनावलं ते मी लिहीत नाही. चाचांनी शोकेसकडे पाहिलं, मग लोकांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. हात जोडून म्हणाले, "हमसे हो गया, साहब. पूजा की जल्दी में हमसे चढ़ गया. माफ़ कर दीजिए." त्यांनी हार काढला, फोटो काढला आणि चौकटीसकट काकांच्या हातात दिला.

सगळे निघाले तेव्हा त्यांनी मला मागे बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या तिसऱ्या फोटोची एक जादा प्रत होती. "यह वाला अच्छा आया है," ते म्हणाले. "जगह खाली है. लगा दें?"

मी तो पहिल्यांदाच बघत होते. खरंच चांगला आला होता. दात दिसत नव्हता, मान हवी तशी वळली होती. चाचांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. "नको," मी म्हटलं, मराठीतच, आणि तिथून निघाले.

दुपारी काकू बाबांकडे आल्या. मुलीची शांत करून द्या म्हणाल्या. बाबांनी सांगितलं की पितृपक्षात शांत नको, मी घरीच जप करतो, तुम्ही घाबरू नका. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. काकूंचं समाधान होईना. "मग निदान ओवाळू तरी द्या," त्या म्हणाल्या. बाबा हो म्हणाले.

चार वाजता तिला पाटावर बसवलं. गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या, आई होती. काकूंनी तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता ठेवल्या आणि तबक सरळ माझ्या हातात दिलं. "आधी तू ओवाळ. तूच तिला बहिणीसारखी."

मी तिच्यासमोर बसले. कुंकू लावायला बोट तिच्या कपाळाला टेकवलं तर वण बोटाला लागले. ती माझ्याकडेच बघत होती. आता पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. बायका मागे काहीतरी बोलत होत्या, तेवढ्यात मी पुटपुटले, "तो हार मी घातला. मुद्दाम."

"माहीत आहे. ओवाळ तू. आई पाहून राहिली."

मी अंगठी-सुपारी ओवाळली. तबकात सुपारी गडगडली. "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" ती ओठ फारसे न हलवता बोलत होती. "लोक आधी तो फोटो पाहायचे आणि मग मला पाहायचे, अन् त्यांचे चेहरे पडायचे. रोज. बाबांच्या ऑफिसातले एक काका तर म्हणाले, ही ती नव्हे. मी किती आरशासमोर उभी राहिली तिच्यासारखं दिसायला. मलाच तिचा इतका हेवा वाटायचा." मग थोडं थांबून म्हणाली, "बाबांना मात्र कधी कळू देऊ नको. पण बरं केलं तू. तिला हार घातला ते."

मी निरांजन ओवाळत होते. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता, सगळे वण दिसत होते, तुटकी भुवई दिसत होती, आणि ती हसत होती. मला रडू यायला हवं होतं, हायसं वाटायला हवं होतं, लाज तर वाटायलाच हवी होती. ते सगळं नंतर झालं, पुष्कळ झालं. पण त्या क्षणी, तबक हातात असताना, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की इतकं चांगलं बोलणंसुद्धा हिलाच कसं सुचतं. मी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तबक आईकडे दिलं.